नववीचा आलेख आणि तीन विषयांचे शिक्षक: सांगली जिल्ह्यातल्या एका हायस्कूलचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात आमचं हायस्कूल आहे. पाचवी ते दहावी, अनुदानित, एका संस्थेच्या अनेक शाखांपैकी एक. मी तिथं विज्ञान शिकवते. या लेखात शाळेचं, गावाचं आणि माणसांचं नाव येणार नाही. गणिताचे सर, भूगोलाच्या मॅडम आणि मोठे सर म्हणजे मुख्याध्यापक, एवढ्या ओळखीवर भागेल.

नववीच्या दोन तुकड्या आहेत. 'अ' तुकडी सेमी इंग्रजी, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी सगळं मराठीतून. 'ब' तुकडी पूर्ण मराठी माध्यमाची. गावातल्या झेडपीच्या शाळेत सातवीपर्यंत वर्ग आहेत, तिथली मुलं आठवीला आमच्याकडं येतात. मळ्यातल्या आणि वाडीवरच्या शाळा चौथीपर्यंतच, तिथली मुलं पाचवीलाच येतात. त्यामुळं नववीत एका बाकावर बसलेल्या दोघांचा पाया दोन वेगळ्या शाळांत घातलेला असतो.

हे प्रकरण २०२२-२३ च्या नववीपासून सुरू होतं. या मुलांनी सहावीत ऑगस्ट २०१९ चा महापूर पाहिला, सातवी बरीचशी मोबाइलवर काढली, आठवीच्या सुरुवातीला जुलै २०२१ चा पूर आला. शिक्षक म्हणून आम्ही सगळेच या बॅचबद्दल हळवे होतो. त्या हळवेपणामुळं खरं कारण सापडायला उशीर झाला, ते पुढं येईलच.

अडचण कुठं दिसली

नववीच्या विज्ञानाचा पहिलाच पाठ 'गतीचे नियम'. जूनमध्ये शाळा उघडली की वेग, त्वरण (म्हणजे वेग बदलण्याचा दर), वेग-काल आलेख, आणि त्या आलेखावरून गतीची समीकरणं. ऑगस्टच्या घटक चाचणीत मी एक साधा प्रश्न दिला होता. मोटारसायकल सुटल्यापासून ०, ५, १०, २० आणि ४० सेकंदांनी तिचा वेग अनुक्रमे ०, १०, २०, २० आणि २० मीटर प्रतिसेकंद. आलेख काढा आणि आलेखाखालच्या क्षेत्रफळावरून विस्थापन सांगा, म्हणजे गाडी सुरुवातीच्या जागेपासून सरळ रेषेत किती दूर गेली ते. उत्तर ७०० मीटर येतं.

पेपर तपासताना ३०० हा आकडा दिसू लागला. एका पेपरात, मग दुसऱ्यात, मग ओळीनं. आधी वाटलं, पुढच्या बाकावरचं बघून लिहिलंय. पण 'अ' मध्ये ३००, 'ब' मध्येही ३००, आणि दोन्ही तुकड्यांची चाचणी वेगळ्या खोल्यांत झाली होती. मग एका मुलीचा आलेख मी पट्टी लावून पाहिला. रेघा सुरेख, पेन्सिल टोकदार, शीर्षक अधोरेखित. आडव्या अक्षावर तिनं समान अंतरावर खुणा केल्या होत्या आणि खाली लिहिलं होतं: ०, ५, १०, २०, ४०. तक्त्यात जसे आकडे आले तसे ते तिनं एकेका खुणेखाली मांडले होते. पाच ते दहा एक घर, वीस ते चाळीसही एकच घर. पुढं क्षेत्रफळ काढताना मात्र तिनं प्रत्येक घर ५ सेकंदांचं धरलं. त्रिकोणाचे १००, आयताचे २००, एकूण ३००. तिचा गुणाकार बिनचूक होता, बेरीज बिनचूक होती. चुकला होता तो अक्ष, आणि अक्षाकडं आजवर कुणी बघितलंच नव्हतं.

मीसुद्धा नाही. ही गोष्ट मला फार लागली. आदल्या वर्षापर्यंत मी सरावाला जो तक्ता देत होते त्यात काळ ०, २, ४, ८, १६ आणि वेग ०, ४, ८, १६, ३२ असे आकडे होते. दोन्ही अक्षांवर आकडे असे चुकीच्या पद्धतीनं समान अंतरावर मांडले, तरी रेषा सरळच येते. मी सरळ रेषा बघायचे आणि बरोबरची खूण करायचे. किती मुलांचा चुकीचा अक्ष मी अशा खुणेखाली दडवला, याचा हिशेब आता लागणार नाही.

त्याच चाचणीत एका मुलानं विस्थापनाची व्याख्या लिहिली होती: 'पुरामुळे गाव सोडून दुसरीकडे राहायला जाणे.' गुण देता आले नाहीत. पण त्याच्या आयुष्यात त्या शब्दाचा तोच अर्थ होता, आणि वर्गात मी नवा अर्थ सांगताना जुना अर्थ विचारला नव्हता.

पहिला निर्णय: 'कोरोनाची बॅच' म्हणायचं की नाही

स्टाफरूममध्ये मी पेपर दाखवले तेव्हा पहिली प्रतिक्रिया ठरलेली होती. 'कोरोनाची बॅच आहे मॅडम, सातवी झालीच नाही त्यांची.' सगळ्यांनी माना डोलावल्या, मीही. शेजारच्या टेबलावर भूगोलाच्या मॅडम वह्या तपासत होत्या. त्यांनी एक वही माझ्याकडं सरकवली. जनगणनेच्या वर्षांचा रेषालेख होता. १९६१, १९८१, १९९१, २०११, सगळी वर्षं समान अंतरावर. गणिताचे सर शांतपणे म्हणाले, 'माझी निर्देशक भूमिती, म्हणजे आलेखावर बिंदू मांडायचं प्रकरण, दुसऱ्या सत्रात आहे. नववीला मी आलेख अजून शिकवलेलाच नाही.'

कोरोनाचं कारण तेव्हा सोयीचं होतं. त्यात कुणाचा दोष नव्हता आणि कुणाला काही बदलायचं नव्हतं. त्या रात्री घरी मी जुन्या टाचणवह्या, म्हणजे पाठांच्या तयारीच्या वह्या, काढल्या. २०१८-१९ च्या वहीत, याच पाठाच्या शेऱ्यात, माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: 'आलेख कच्चा. पुन्हा घेणे.' त्या मुलांची सातवी-आठवी व्यवस्थित झाली होती. तेव्हा ना पूर होता, ना टाळेबंदी. दुसऱ्या दिवशी ती वही मी दोघांपुढं ठेवली आणि शनिवारी शाळा सुटल्यावर तासभर बसायचं ठरलं.

पुस्तकं शेजारी शेजारी ठेवल्यावर

शनिवार सकाळची शाळा सुटली. प्रयोगशाळेच्या मोठ्या टेबलावर आम्ही सहावी ते दहावीची गणित, विज्ञान आणि भूगोलाची पाठ्यपुस्तकं मांडली. इतकी वर्षं एका शाळेत शिकवतोय, पण एकमेकांची पुस्तकं अशी शेजारी ठेवून आम्ही कधी उघडली नव्हती. मी नववीचं गणित भाग २ त्या दिवशी पहिल्यांदा चाळलं, हे लिहिताना संकोच वाटतो, पण खरं आहे.

क्रमाचा घोळ सरळच दिसला. सातवी आणि नववीची ही पुस्तकं २०१७ मध्ये आली, आठवी आणि दहावीची २०१८ मध्ये. प्रत्येक विषयाचं पुस्तक आपापल्या जागी नीट रचलेलं आहे. पण नववीच्या विज्ञानाला आलेख पहिल्याच पाठात लागतो, आणि गणित भाग २ मध्ये निर्देशक भूमिती सातवं प्रकरण आहे. मी वर्गात 'रेषेचा चढ म्हणजे त्वरण' असं जूनमध्ये म्हणते. रेषेचा चढ ही गोष्ट गणितात येते दहावीला.

दुसरी गोष्ट सरांनी दाखवली आणि मला तीच सगळ्यात मोलाची वाटते. गणितात सहावीला स्तंभालेख, सातवीला जोडस्तंभालेख, आठवीला विभाजित आणि शतमान स्तंभालेख. तीन वर्षं मुलं स्तंभ काढतात. स्तंभांखाली काय असतं? गावांची नावं, पिकांची नावं, विषयांची नावं. गहू आणि ज्वारी यांच्यात किती अंतर ठेवायचं? समान. तीच शिस्त आपण शिकवतो आणि त्यासाठी गुण देतो. आठवीच्या 'चलन' या प्रकरणात दोन राशी सोबत बदलतात, पण तिथं भर असतो तक्त्यावर आणि सूत्रावर. मग नववीत एकदम आडव्या अक्षावर काळ येतो. मुलं पाच आणि वीस या संख्यांना गहू-ज्वारीसारखी नावं समजतात आणि समान अंतरावर मांडतात. तिला जे तीन वर्षं शिकवलं होतं, तेच त्या मुलीनं इमानदारीनं केलं होतं.

तिसरी गोष्ट शब्दांची. 'प्रमाण' हा एक शब्द घ्या. गणितात 'गुणोत्तर व प्रमाण' म्हणतो तेव्हा दोन गुणोत्तरांची समानता. आलेखाच्या कोपऱ्यात 'प्रमाण: १ सेमी = ५ एकक' लिहितो तेव्हा त्याचा अर्थ वेगळा. भूगोलात नकाशाचं प्रमाण असतं, आणि त्याच पाठात पुढं 'साक्षरतेचे प्रमाण' येतं, म्हणजे शेकडेवारी. तीन तासिकांत एकच शब्द चार अर्थांनी, आणि चारपैकी एकही अर्थ दुसऱ्या वर्गातल्या शिक्षकाला ठाऊक असल्याचं मुलांना कळत नाही. तसंच गणितात 'चढ', भूगोलात समोच्च रेषा शिकवताना 'उतार'. डोंगर तोच, मुलगा तोच.

सेमीच्या तुकडीत एक गंमत लक्षात आली. तिथं गणितात 'प्रपोर्शन' आणि 'स्केल' हे शब्दच वेगळे असल्यानं ती गफलत कमी होती. पण भूगोल मराठीतून असल्यानं 'स्लोप' आणि 'उतार' यांचा संबंध त्यांच्यातल्या एकालाही जोडता आला नाही. माध्यम बदललं की अडचण जात नाही, तिची जागा बदलते.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय म्हणजे जे मी इतकी वर्षं करत आले तेच: विज्ञानाच्या तासाला घाईघाईनं 'आलेख असा काढतात' सांगायचं. त्यात अर्धा तास जातो, आणि अर्ध्या तासात कुणी आलेख शिकत नाही. दुसरा पर्याय जादा तास. आमच्याकडं बरीच मुलं एसटीनं किंवा सायकलनं येतात, मुलींना संध्याकाळी थांबवणं घरच्यांना चालत नाही. शिवाय तीच गोष्ट त्याच तुटक पद्धतीनं जास्त वेळ शिकवून काय साधणार, हा सरांचा प्रश्न होता आणि तो रास्त होता.

तिसरा पर्याय मला आवडला होता: निर्देशक भूमिती सरळ जूनमध्ये आणायची. सरांनी नकार दिला. माझ्या मनात आलं, हे आडून बसलेत. पण त्यांचं कारण ठोस होतं. सत्र परीक्षेच्या प्रश्नपत्रिका आम्ही बाहेरून, तालुका पातळीवर तयार झालेल्या घेतो. पहिल्या सत्राला कुठली प्रकरणं हे तिथं आधीच ठरलेलं असतं. सातवं प्रकरण पुढं ओढलं की आधीचं एखादं मागं पडणार, आणि ते पेपरात येणार. मुलांचे गुण जाणार ते गणितात, विज्ञानात नाही. ज्याचा विषय त्याला किंमत मोजावी लागते, हे मी तेव्हा विचारातच घेतलं नव्हतं.

चौथा पर्याय त्यांनीच मांडला. प्रकरण जागेवर राहू दे, पण जूनमध्ये गणिताच्या पहिल्या चार तासिका फक्त एका कामाला द्यायच्या: अक्ष आखणं, समान अंतराला समान किंमत देणं, बिंदू मांडणं. व्याख्या नाहीत, चरण (दोन अक्षांमुळं होणारे चार भाग) नाहीत. मी 'गतीचे नियम' दहा-बारा दिवस पुढं ढकलायचा आणि आधी 'आम्ल, आम्लारी व क्षार' घ्यायचा. दोन्ही पाठ पहिल्या सत्रातच येत असल्यानं पेपराला धक्का नाही. घटक चाचणी आमचीच, तिचा भाग आम्हीच ठरवणार. हा पर्याय आम्ही घेतला, पण तो लागू होणार होता पुढच्या जूनमध्ये. हातातल्या वर्गाचं काय, हा प्रश्न उरलाच.

काय केलं

दिवाळीनंतर आम्ही उत्साहात एक संयुक्त तास घेतला. नववी 'ब', दोन तासिका जोडून, वर्गात तिघंही शिक्षक. तो फसला. मी अक्षावर 'काळ' लिहिलं, मॅडमनी आधी शीर्षक लिहायला सांगितलं, सरांनी फळ्यावर येऊन माझा बाण दुरुस्त केला. मुलं कुणाचं ऐकायचं म्हणून एकमेकांकडं बघायला लागली. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, 'सर, पेपरला कुणाची पद्धत लिहायची?' सर तिथून बाहेर पडले ते आठवडाभर माझ्याशी मोजकंच बोलले. मुलांसमोर एकमेकांना दुरुस्त करणं आमच्या अंगवळणी नव्हतं, आणि त्याची आधी बोलणी करायला हवी होती.

पण त्या मुलाचा प्रश्न आमच्या कामी आला. आमच्या तिघांच्या तपासण्याच्या पद्धती वेगळ्या होत्या. सर प्रमाण लिहिलं नाही तर गुण कापायचे, मी एकक नसलं तर, मॅडम शीर्षक नसलं तर. एकाच मुलाला एकाच आलेखासाठी तीन विषयांत तीन वेगळे गुण पडत होते. आम्ही बसून एक सहा ओळींची चिठ्ठी केली: शीर्षक, दोन्ही अक्षांची नावं, एकक, कोपऱ्यात प्रमाण, समान घराला समान किंमत, बिंदू पेन्सिलीनं गोल करून मग रेषा. झेरॉक्स काढून ती गणित, विज्ञान आणि भूगोल या तिन्ही वह्यांच्या शेवटच्या पानावर चिकटवली. तिघांनीही त्याच चिठ्ठीवरून तपासायचं ठरलं. पाचव्या ओळीला दुप्पट वजन. इतकी साधी गोष्ट, पण मुलांचा सूर यानंतर बदलला. 'भूगोलाचा आलेख' आणि 'सायन्सचा आलेख' असं म्हणणं कमी झालं.

चिठ्ठीवर 'प्रमाण' शब्द ठेवायचा की 'मोजपट्टी' म्हणायचं, यावर बराच वाद झाला. पाठ्यपुस्तकात आणि बोर्डाच्या पेपरात 'प्रमाण' येतं, म्हणून तोच ठेवला. त्याऐवजी दोन्ही वर्गांच्या भिंतीवर एक शब्दफलक लावला: शब्द, गणितात अर्थ, विज्ञानात अर्थ, भूगोलात अर्थ, आणि सेमीसाठी इंग्रजी शब्द देवनागरीत. 'विस्थापन' हा शब्दही त्यावर घेतला, आणि त्याचा गावातला अर्थ पहिल्या रकान्यात लिहिला.

मग पाठाची पद्धत बदलली. जपानमध्ये शिक्षक एकत्र बसून पाठ आखतात, एक जण शिकवतो आणि बाकीचे शिक्षकाकडं न बघता मुलांकडं बघतात. बीएडला आम्ही कृतिसंशोधन केलं होतं, पण असं बघणं कधी केलं नव्हतं. आता पाठ घेणार एकच जण, सर. मी आणि मॅडम मागं बसणार, फळ्याकडं जाणार नाही, तोंड उघडणार नाही. फक्त चार-चार मुलांच्या वह्यांकडं बघून टिपणं घेणार.

विषय निवडला तो आमच्या सगळ्यांच्या ओळखीचा: कृष्णेची पातळी. सांगलीत पावसाळ्यात घराघरात पहिला प्रश्न असतो, 'आयर्विनला किती?' १९२९ मध्ये खुला झालेला कृष्णेवरचा हा आयर्विन पूल आमच्या भागाची पट्टीच आहे. ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी, हे इथल्या तिसरीतल्या पोरालाही पाठ असतं. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. सरावासाठी आम्हीच एक तक्ता तयार केला, व्हॉट्सॲपवर संदेश येतात तसा: सकाळी सहाला ३८ फूट, आठला ३८ फूट ६ इंच, दहाला ३८ फूट ११ इंच, आणि मग मुद्दाम चार तासांची फट ठेवून दुपारी दोनला ४० फूट.

सर शिकवत होते. माझ्या पुढच्या बाकावर तीच ३०० उत्तर काढणारी मुलगी. तिनं अक्ष आता नीट आखला, दहा आणि दोन यांच्यात एक खूण मोकळी सोडली. मला हायसं वाटलं. मग तिनं ३८ फूट ६ इंच मांडलं ३८.६ वर. ३८ फूट ११ इंच मांडलं ३८.११ वर. बिंदू खाली आला. तिनं रेषा जोडली, थांबली, रबर हातात घेतला, पुन्हा ठेवला. शेवटी हात वर केला. 'सर, पाणी तर चढत होतं की. मग रेघ खाली कशी आली?'

वर्ग शांत झाला. अर्ध्या वह्यांत तशीच रेघ होती, पण बाकीच्यांना ती खटकली नव्हती. सरांनी उत्तर दिलं नाही. त्यांनी विचारलं, 'फुटात इंच किती?' आणि खडू खाली ठेवला. पुढची दहा मिनिटं मुलांनीच ६ भागिले १२, ११ भागिले १२ करून बिंदू हलवले. दशांश अपूर्णांक मुलांना येतात असं आम्ही तिघंही गृहीत धरून होतो. ही गोष्ट कुणाच्याही वार्षिक नियोजनात नव्हती आणि मागं बसलो नसतो तर मला दिसलीही नसती.

त्यानंतर तोच आलेख तीन तासिकांत फिरला. सरांनी त्यावर निर्देशक घेतले. मी विचारलं, कुठल्या दोन तासांत पाणी जास्त वेगानं चढलं आणि ते रेषेवरून कसं कळतं. मॅडमनी त्याच्याशेजारी कोयनेच्या विसर्गाचा संबंध लावला; धरणाची क्षमता १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट), तिथून सोडलेलं पाणी आपल्यापर्यंत यायला वेळ का लागतो, वारणा कुठं मिळते. एकच कागद, तिन्ही वह्यांत.

वेळेची अडचण

लिहिताना हे सगळं सुरळीत वाटतं, पण सगळ्यात मोठी झुंज वेळेशी होती. शनिवारची बैठक तीन आठवडे टिकली. मॅडमची एसटी पावणेबाराची, ती चुकली की दीड तास स्टँडवर. सरांना बीएलओचं, म्हणजे मतदार यादीचं सरकारी काम होतं. मग मोठ्या सरांकडं गेलो, तिघांना आठवड्यात एक सामायिक मोकळी तासिका द्या म्हणून. ते म्हणाले, 'देतो, पण बदली तास पडला तर जावं लागेल.' आणि तो रोजच पडायचा. कुणी ना कुणी रजेवर, कुणी प्रशिक्षणाला. दोन महिन्यांत आम्ही चारदा बसलो असू.

जानेवारीत आम्ही मोठ्या सरांना पाठाला बसवलं. त्यांनी तो पाण्याचा तास पाहिला, मुलीचा प्रश्न ऐकला आणि काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी त्यांनी वेळापत्रक बदललं. बुधवारी पाचव्या तासिकेला नववी 'अ' ला शारीरिक शिक्षण आणि 'ब' ला चित्रकला ठेवली, आमच्या नावापुढं लाल शाईनं 'विषय बैठक' लिहिलं, आणि बदली तासांच्या वहीत त्या तासिकेला आमची नावं टाकायची नाहीत असं पर्यवेक्षकांना सांगितलं. या सगळ्या प्रकरणात एकच निर्णय निर्णायक म्हणायचा झाला तर मी हा म्हणेन. आमची इच्छा ऑगस्टपासून होती, पण शाळेनं ती तासिका आमच्यासाठी राखली तेव्हाच काम उभं राहिलं.

काय झालं

जून २०२३ ला नव्या नववीसाठी ठरल्याप्रमाणं झालं. गणिताच्या पहिल्या चार तासिका बिंदू मांडायला, तोवर माझा आम्ल-आम्लारी. 'गतीचे नियम' मी जुलैच्या मध्याला उघडला. आलेख कसा काढायचा हे मला सांगावं लागलं नाही. त्यातून जे तास वाचले ते मी समीकरणांच्या उदाहरणांना दिले. ऑगस्टच्या चाचणीत पुन्हा असमान काळाचा तक्ता दिला. समान अंतराची चूक मोजक्या पेपरांत उरली होती. त्यातली बरीचशी मुलं जूनमध्ये उशिरा दाखल झालेली किंवा त्या चार तासिकांना गैरहजर होती.

सगळं सुटलं असं मात्र नाही. आलेख काढता येऊ लागला, वाचता येणं मागं राहिलं. वेग-काल आलेखात रेषा आडवी झाली की अजूनही अनेक मुलं लिहितात 'गाडी थांबली'. अंतर-काल आलेखात ते खरं असतं, इथं गाडी त्याच वेगानं धावत असते. चिठ्ठीच्या सहाही ओळी पाळून मूल हे चुकीचं लिहू शकतं. आमची चिठ्ठी हाताला शिस्त लावते, अर्थ विचारायला शिकवत नाही, हे आम्हाला वर्षभरानं कळलं. आता मी प्रत्येक आलेखाखाली दोन वाक्यं लिहून घेते: गाडीला काय झालं ते घरी आजीला सांगायचं असेल तर कसं सांगाल. मॅडमही तेच करतात. फरक दिसतोय, पण ठामपणे सांगण्याइतका नाही.

मे २०२४ मध्ये गणिताच्या सरांची संस्थेच्या दुसऱ्या शाखेत बदली झाली. त्यांच्या जागी आलेल्या मॅडम कामाला चांगल्या, पण जूनच्या चार तासिका कशासाठी हे त्यांना कुठं लिहिलेलं सापडलं नाही. आमच्याकडं चिठ्ठी होती, फलक होता, पण आपण काय ठरवलं आणि का ठरवलं याचं एकही पान नव्हतं. त्यांनी पहिलं प्रकरण 'संच' नेहमीप्रमाणं सुरू केलं. दोन आठवडे गेल्यावर लक्षात आलं. मी फोन करून सरांकडून त्यांची टिपणं मागवली, आणि मग आम्ही तिघींनी बसून चार पानांची फाइल केली.

पुन्हा करायचं झालं तर

अक्षाच्या या चुकीचं निदान जूनमध्येच करता आलं असतं. पहिल्याच आठवड्यात एक कागद, असमान आकड्यांचा एक तक्ता, दहा मिनिटं. आम्ही घटक चाचणीची वाट पाहिली.

संयुक्त तासानं सुरुवात करायला नको होती. आधी एकमेकांच्या वर्गात मागं बसायचं, मग एकमेकांच्या वह्या तपासायच्या, आणि फळ्याजवळ एकत्र उभं राहायचं ते शेवटी, किंवा कधीच नाही. सरांचा दुखावलेला आठवडा टळला असता.

मराठीच्या शिक्षकांना आम्ही बोलावलंच नाही. अर्ध्या अडचणी शब्दांच्या होत्या, आणि शब्द शिकवणारा माणूस शेजारच्या खुर्चीवर बसून हे ऐकत होता. शब्दफलक पाहून ते एकदा म्हणाले, 'प्रमाणभाषा राहिली की यात.' पाचवा अर्थ त्यांनी भर घालून दिला.

आणि सगळ्यात मोठी चूक: स्तंभालेखाचं मूळ सहावी-सातवीत आहे हे पहिल्याच शनिवारी कळूनही झेडपीच्या गुरुजींशी बोलायला आम्ही दोन वर्षं लावली. आमच्या मनात भीती होती की हायस्कूलवाले दोष द्यायला आले असं वाटेल. २०२४ च्या पावसाळ्यात केंद्रप्रमुखांना विचारून शिक्षण परिषदेत, म्हणजे आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांच्या बैठकीत, चाळीस मिनिटं मागितली. आम्ही पाठ घेतला नाही, सल्ला दिला नाही. ३०० उत्तराचा तो पेपर, मुलीचं नाव झाकून, सगळ्यांच्या हातात फिरवला आणि विचारलं, ही चूक कुठं शिकली असेल?

गावातल्या शाळेचे गुरुजी बराच वेळ पेपर धरून बसले. मग म्हणाले, 'आमच्याकडं. स्तंभांत अंतर समान नसलं की मी अर्धा गुण कापतो.' त्यांनी स्वतःहून ठरवलं की सातवीला एक स्तंभालेख असा द्यायचा ज्यात खाली नावं नाहीत, वर्षं आहेत, आणि मधलं एक वर्ष मुद्दाम गाळलेलं आहे. मार्चमध्ये त्यांनी मुलांचे कागद माझ्याकडं पाठवले, 'बघा जरा' एवढंच लिहून. बऱ्याच कागदांवर १९७१ आणि १९९१ यांच्यामध्ये एक घर रिकामं सोडलेलं होतं. एका मुलानं त्या रिकाम्या घरात बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'इथं १९८१ येतं, पण दिलेलं नाही.' तो आता आठवीला आमच्याकडं आहे.